उद्यापासून नको, चार आठवड्यांनी: सवय बदलण्याआधीची तयारी

रक्ताचा अहवाल मोबाइलवर येतो. एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, ६.१, बाजूला लाल बाण. त्या रात्रीपासून घरात भात बंद होतो, साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो, पहाटे पाचचा गजर लागतो. पुढचे आठ-दहा दिवस माणूस अगदी मनापासून सगळं पाळतो. मग एखादं बारसं निघतं, ऑफिसात ऑडिट लागतं, गुडघा कुरकुरायला लागतो आणि महिना संपायच्या आत सगळं पूर्वपदावर येतं. वर ‘आपल्यात चिकाटीच नाही’ असा शिक्का तो स्वतःवर मारून घेतो, आणि तो शिक्का पुढच्या वेळी सुरुवातच करू देत नाही.

माझ्या मते अशा बहुतेक घरांत चिकाटी पुरेशी असते, तयारी झालेली नसते. निर्णय आजच घ्या, पण सुरुवात चार आठवड्यांनी करा. मधले चार आठवडे रिकामे नाहीत. त्यात करायचं काम बरंच आहे, आणि ते नीट झालं तर पुढचं खूप सोपं जातं.

जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटे या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सिगारेट सोडणाऱ्या माणसांचा अभ्यास केला. त्यातून त्यांनी बदलाचे टप्पे मांडले: मनात विचारही नसणं, विचार सुरू होणं, तयारी, प्रत्यक्ष कृती आणि मग ती टिकवणं. आपण दुसऱ्या टप्प्यावरून थेट चौथ्यावर उडी मारतो. हा लेख त्या राहून गेलेल्या तिसऱ्या टप्प्याचा आहे.

थांबायचं नाही अशाही काही गोष्टी आहेत, त्या आधीच सांगतो. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब येत असेल, रक्तदाब १८०/११० च्या पुढे असेल, साखर फार वाढलेली असेल, सारखी तहान-लघवी होऊन वजन आपोआप उतरत असेल, तर आजच डॉक्टरांकडे जा. लिहून दिलेली औषधं तयारीच्या नावाखाली पुढे ढकलू नका.

पहिला आठवडा: काहीच बदलू नका, फक्त मोजा

हा आठवडा बहुतेकांना सर्वात जड जातो, कारण हात शिवशिवत असतात. तरीही जसं खाता तसंच खा, जसे झोपता तसेच झोपा. एका छोट्या वहीत रोज चार ओळी लिहा: चहा किती कप आणि त्यात साखर किती, जेवणाव्यतिरिक्त तोंडात काय काय गेलं आणि किती वाजता, पावलं किती झाली, झोपायला किती वाजले. पावलं मोबाइल मोजतोच, त्यासाठी घड्याळ विकत घ्यायची गरज नाही.

वहीपेक्षाही खरं बोलणारा कागद घरात असतो, तो म्हणजे वाण्याचं बिल. आपण दिवसभर काय खाल्लं हे सांगताना माणूस नकळत कमी सांगतो. महिन्याची किराणा यादी तसं करत नाही. गेल्या दोन महिन्यांची बिलं काढा आणि तीनच वस्तू बघा: तेल, साखर, मीठ.

समजा, घरात चार माणसं आहेत आणि महिन्याला तेलाचा पाच लिटरचा एक कॅन संपतो. पाच हजार मिलिलिटर भागिले चार, भागिले तीस, म्हणजे माणशी रोज साधारण ४२ मिलिलिटर. चहाच्या चमच्याने आठ चमचे. त्यातून माणशी साडेतीनशेच्या आसपास कॅलरी जातात, आणि बाहेरचा वडापाव, हॉटेलातली भाजी, दुकानातली शेव यांतलं तेल यात धरलेलंच नाही. साखर महिन्याला चार किलो लागत असेल तर माणशी रोज ३३ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ च्या आत आली तर अधिक चांगलं. बिस्किटं, सरबतं, केक आणि मिठाई तुमच्या ३३ ग्रॅममध्ये आलेली नाहीत. मीठ महिन्याला एक किलो असेल तर माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर, आणि मर्यादा आहे पाच ग्रॅमच्या आत. लोणचं, पापड, फरसाण पुन्हा वेगळंच.

हा हिशेब घरच्या सगळ्यांसमोर टेबलावर बसून करा. त्यात कोणावर आरोप नसतो, कारण आकडा सगळ्या घराचा असतो. आणि त्यातून मार्गही दिसतो. पाचाऐवजी चार लिटर तेल आणलं तर माणशी रोज सत्तरच्या आसपास कॅलरी कमी होतात, आणि फोडणीची चव बहुधा कुणाच्या लक्षातही येत नाही.

याच आठवड्यात कंबर मोजा. शिवणकामाची टेप चालेल. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, पोट आत न ओढता. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. वजनकाटा आपल्याकडे एकटा पुरत नाही, त्याचं एक बोलकं उदाहरण पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच नमुना मांडला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटातही चरबी दडलेली असू शकते. म्हणून ‘मी कुठे जाड आहे’ हे उत्तर टेप हातात घेतल्याशिवाय देऊ नका.

दुसरा आठवडा: डॉक्टरांशी एक निवांत भेट

अहवाल दाखवायला जाणं वेगळं आणि ‘मी पुढच्या महिन्यापासून हे बदलणार आहे, काय सांभाळू?’ असं विचारायला जाणं वेगळं. या दुसऱ्या प्रकारच्या भेटीसाठी प्रश्न लिहून न्या.

उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, कोलेस्टेरॉल आणि हिमोग्लोबिन या तपासण्या साधारण सगळ्यांना उपयोगी पडतात. थायरॉइड आणि बी-१२ तुमच्या तक्रारी ऐकून डॉक्टर ठरवतील. शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ विषयी आपणहून विचारा. थकवा हिमोग्लोबिन कमी असल्यामुळे असेल आणि तुम्ही स्वतःला आळशी म्हणत बसलात तर तो अन्यायच आहे. एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेह.

रक्तदाब घरी आठवडाभर मोजून ती यादी बरोबर न्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं पाठ टेकून स्वस्थ बसायचं, हात छातीच्या उंचीवर ठेवायचा आणि मोजताना बोलायचं नाही.

एक प्रश्न मात्र विसरू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील आणि तुम्ही खाणं कमी केलंत किंवा चालणं वाढवलंत, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. डोस कधी आणि किती बदलायचा हे आधीच विचारून घ्या. रोज दारू घेणाऱ्याने तर स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नये. शरीराला सवय झालेली असेल तर ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा.

नेम एकच, आणि तोही नेमका

चातुर्मासात नेम धरणारी माणसं आपल्यातल्या अनेकांनी घरातच पाहिली आहेत. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं, कुणी एकवेळ जेवतं. सवयी बदलण्याच्या शास्त्राकडे बघितलं की या परंपरेतलं शहाणपण मला फार मोलाचं वाटतं. नेम एकच असतो. तो इतका नेमका असतो की पाळला की मोडला यावर वाद होत नाही. तो घरच्यांना माहीत असतो, त्यामुळे ताटात चुकून वांगं पडत नाही. आणि त्याला चार महिन्यांची मुदत असते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक नवी सवय लावून घ्यायला सांगितली. ती विचार न करता आपोआप घडायला लागेपर्यंत लागलेला वेळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस असा निघाला. मधला आकडा ६६ दिवस. हा शोधनिबंध २००९-१० मध्ये प्रसिद्ध झाला. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते डोक्यातून काढून टाका, कारण बाविसाव्या दिवशीही पहाटे उठणं जड गेलं की माणसाला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. चार महिने ही मुदत बहुतेकांना पुरेशी आहे.

तर वही उघडा आणि त्यातून एकच गोष्ट निवडा. ‘तब्येतीकडे लक्ष द्यायचं’ हा नेम होत नाही. ‘गोड कमी’ हाही नाही. ‘ऑफिसातल्या दोन्ही चहांत साखर नाही’ हा नेम आहे. ‘रोज व्यायाम’ यापेक्षा ‘रात्री जेवण झालं, ताट घासायला टाकलं, की लगेच चपला घालून पंधरा मिनिटं सोसायटीत फेऱ्या’ हे पक्कं. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली हेच मांडलं: ‘अमुक झालं की तमुक करेन’ अशी सांगड आधी घालून ठेवली तर ठरवलेलं हातून घडण्याची शक्यता बरीच वाढते. आपल्याकडे दिवसात अशा खुणा भरपूर असतात. सकाळचा पहिला चहा, देवाजवळचा दिवा, मुलांची स्कूलबस, रात्रीचं झाकपाक. घड्याळातल्या वेळेपेक्षा या खुणांना नेम बांधा, कारण घड्याळ पुढे-मागे झालं तरी झाकपाक होतेच.

दोन-तीन गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या वाटत असतील तर निवड कशी करायची? तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगारेट यांपैकी काही असेल तर पहिला मान त्याचा. बाकी सगळं थांबू शकतं. त्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळतं, आणि तयारीच्या आठवड्यातच एकदा फोन करून ठेवलेला चांगला. तंबाखू नसेल तर जी गोष्ट रोज घडते ती निवडा. महिन्यातून दोनदा खाल्लेल्या गुलाबजामापेक्षा रोजचे चार चहा मोठे. कपाला दोन चमचे धरले तरी ३० ग्रॅमच्या वर साखर नुसत्या चहातून जाते.

गुळाविषयी इथेच सांगून टाकतो, कारण हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. गुळाचा चहा चवीला आवडत असेल तर प्या, पण साखरेच्या अहवालासाठी गूळ, मध आणि साखर यांत म्हणण्यासारखा फरक नाही. साखरेऐवजी गूळ हा नेम धरून चार महिने घालवू नका.

प्रत्येक नेमाची एक छोटी आवृत्तीही ठरवून ठेवा. पाहुणे आलेत, ताप आलाय, ट्रेन दीड तास लेट झाली, अशा दिवशी पंधरा मिनिटांऐवजी तीन मिनिटं. कमी वाटलं तरी त्या तीन मिनिटांनी साखळी तुटत नाही.

तिसरा आठवडा: घराची मांडामांड

संध्याकाळी साडेसात-आठचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. दुपारच्या डब्यानंतर पोटात चहा-बिस्किटांशिवाय काही नाही. कुकर लावलेला, शिट्टी व्हायला अवकाश. ओट्याच्या कोपऱ्यात फरसाणाचा डबा. भाजी चिरता चिरता एक मूठ, कणीक मळून झाली की दुसरी. जेवायला बसेपर्यंत अर्ध्या जेवणाइतकं पोटात गेलेलं असतं आणि आठवणार मात्र फक्त दोन पोळ्या आहेत. या वेळी माणसाच्या निग्रहावर विसंबणं मला योग्य वाटत नाही. भूक खरी आहे, तिला खायला दुसरं काही हवं.

म्हणून दोन गोष्टी करा. पहिली, फरसाण, खारी, क्रीमची बिस्किटं या महिन्याच्या यादीतून काढा. घरात आणून लपवायची नाहीत, आणायचीच नाहीत. दुसरी, संध्याकाळी साडेपाच-सहाला ऑफिसातच काही तरी खा: मूठभर फुटाणे, एखादं पेरू, घरून नेलेलं ताक. मग आठ वाजताचा हात आपोआप थांबतो.

रविवारी मटकी किंवा मूग भिजत घाला, रात्री पाणी काढून फडक्यात बांधा. सोमवारी संध्याकाळपर्यंत छान मोड येतात (थंडीत थोडा जास्त वेळ लागतो), आणि डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवले की तीन-चार दिवस पुरतात. त्यामुळे घाईच्या दिवशी उसळ वीस मिनिटांत होते आणि बाहेरून मागवायचा मोह टळतो. काकडी-गाजर-टोमॅटो धुऊन समोरच्या कप्प्यात. आठवड्याचं तेल एका बाटलीत काढून ठेवा आणि ती बाटली आठवडाभर पुरवा. कॅनमधून थेट ओतणं बंद. लोणच्याची बरणी टेबलावरून कपाटात जाऊ द्या.

ताटाचा हिशेब साधा ठेवा. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट भाकरी-पोळी किंवा भात, उरलेल्या पाव ताटात घट्ट वरण, उसळ, अंडं, मासे यांपैकी काही. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत चोथा जास्त, पोटाला ती धरून राहते, म्हणून जरूर खावी. पण भाकरी कितीही खाल्ली तरी चालते हा समज बरोबर नाही. तीही शेवटी पिठाचीच आहे. भात सोडायची गरज मला वाटत नाही. कोकणातल्या माणसाला भात सोडायला सांगितला तर तो दहाव्या दिवशी सगळंच सोडेल. वाटी लहान करा, आधी भाजी-आमटी खा, भात शेवटी घ्या.

घरातलं काम कोण उचलणार?

तयारीतला हा भाग सगळ्यात जास्त टाळला जातो, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक बेत इथेच फसतात.

नवऱ्याला पथ्य सांगितलं की त्याच्यासाठी वेगळी भाजी, वेगळी भाकरी, मोड आलेली कडधान्यं हे सगळं बायकोच्या ओट्यावर येतं. ती आधीच चौघांच्या चार तऱ्हा सांभाळत असते. दोन आठवडे ती करते, मग तिचाही जीव कंटाळतो आणि पथ्य सुटतं. म्हणून पथ्य ज्याचं, कामाचा वाटा त्याचा. कडधान्य भिजवणं, कोशिंबीर चिरणं, आपला डबा भरणं, भाजी आणणं, ही कामं पुरुषाने तयारीच्या आठवड्यातच अंगवळणी पाडून घ्यावीत. शक्यतो स्वयंपाकही सगळ्यांना एकच असावा. कमी तेलाची भाजी मुलांनाही चांगलीच.

आणि बदल घरातल्या बाईला करायचा असेल तर प्रश्न आणखी कठीण होतो. सकाळी साडेसहा ते सात चालायला जायचं ठरवलं, तर त्या अर्ध्या तासात दूध तापवणं, मुलांना उठवणं, सासऱ्यांचा चहा, डब्याची पोळी हे कोण करणार? ‘स्वतःसाठी वेळ काढ’ असं सगळे सांगतात, पण वेळ काढायचा म्हणजे कुणीतरी तेवढं काम हातात घ्यायचं. ते नाव घेऊन ठरवा. दूध अमुक बघेल, मुलांना तमुक उठवेल, चहा सासरे स्वतः करतील. हे बोलणं रविवारी सकाळी, सगळे बसलेले असताना करा, आणि कागदावर लिहून फ्रिजला लावा. घरातून मान्य झालं नाही तर वेळ बदला, दुपारी किंवा रात्री जेवणानंतर, पण नाव ठरल्याशिवाय सुरुवात करू नका. बायकांनी पहाटे उठून, झोप मोडून, सगळं उरकून मग चालायला जाणं हा मला उपाय वाटत नाही. झोप कमी झाली की दिवसभर भूक वाढते आणि चिडचिडही.

आग्रहाचं काय करायचं, हेही आताच ठरवून ठेवा. आपल्याकडे वाढणाऱ्याच्या मनात माया असते, त्यामुळे ‘नको’ म्हटलं की त्याला लागतं. ‘डायट चाललंय’ म्हटलं तर समोरचा हसतो आणि एक लाडू जास्त वाढतो. ‘डॉक्टरांनी सांगितलंय, तीन महिन्यांनी तपासणी आहे’ हे मात्र बहुतेक घरांत मानलं जातं. आणि ते खरंही आहे. हळदीकुंकवाला, पूजेला प्रसाद नाकारायचा नसेल तर तळहातावर चिमूटभर घ्या. प्रसाद तेवढाच असतो.

पाय, बूट, पाऊस

चालण्याचा नेम असेल तर थोडी पूर्वतयारी लागते. लक्ष्य आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, अशा वेगाने की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण: खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीवर हात टेकून दंड. पण पहिल्या दिवशी दहा मिनिटंच चाला. अनेक वर्षं न चाललेला माणूस पहिल्याच दिवशी टेकडी चढतो, चौथ्या दिवशी टाच धरते आणि तिथेच सगळं संपतं. चांगले बूट आणा आणि तयारीच्या आठवड्यात घरात घालून बघा. मधुमेह असेल तर रोज तळपाय तपासायची सवय आत्ताच लावा.

रस्ताही आधी चालून बघा. दिवे आहेत का, कुत्री कुठे बसतात, पदपथ कुठे संपतो. बाईला एकटीने पहाटे त्या रस्त्याने जाताना धास्ती वाटत असेल तर बरोबर मैत्रीण हवी किंवा जागा बदलायला हवी. धास्ती गिळून रोज कुणी जात नाही. पावसाळ्यासाठी दुसरी सोय आजच ठरवा: इमारतीचा जिना, पार्किंग, घरातल्या घरात जागच्या जागी पावलं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी सात-साडेसातनंतर उन्हात बाहेर चालू नये. लोकलने जाणाऱ्याला वेगळा वेळच काढायला नको, स्टेशन ते घर हा रिक्षाचा टप्पा पायी केला तरी अर्धं काम होतं.

चौथा आठवडा: कॅलेंडर आणि सराव

भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून घ्या आणि पुढच्या चार महिन्यांतल्या अडचणी पेन्सिलीने खुणा करा. गणपती, नवरात्र, दिवाळी, लग्नाच्या तारखा, मुलांच्या परीक्षा, मार्चअखेर, गावची जत्रा, रात्रपाळी. प्रत्येक खुणेपुढे एक ओळ लिहा. ‘गणपतीचे पाच दिवस: मोदक खाणार, चहा बिनसाखरेचाच राहील.’ ‘भावाचं लग्न: तीन मिनिटांची आवृत्ती.’ सण टाळायचे नाहीत, पण आधीच ठरलेली मुभा आणि सुटलेला नेम यांत खूप अंतर आहे. मुभा घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो.

उपासांकडे नीट बघा. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यावर तूप, बटाटा, दाणे आणि वर दोन वेळा चहा. उपास करायचाच असेल तर राजगिरा, ताक, फळं, थोडी भगर असा करता येतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपासाआधी डॉक्टरांना विचारायचं.

मग सुरुवातीची तारीख. १ जानेवारी, गुढीपाडवा किंवा येता सोमवार यांचा आग्रह सोडा. ज्या तारखेनंतरचे तीन आठवडे अगदी साधे, बिनघडामोडींचे आहेत ती तारीख उत्तम. त्याआधी, याच आठवड्यात, नेमाचा तीन दिवस सराव करा. सरावाचा हेतू अडचण शोधणं हा आहे. रात्री फेऱ्या मारायला खाली उतरलात आणि कळलं की त्याच वेळी आईचा फोन येतो, तर फोन चालता चालता घ्यायचं ठरवता येईल. बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरेना तर दोन चमच्यांवरून एक, पंधरा दिवसांनी अर्धा, अशी उतरंड लावता येईल. हे सगळं आत्ता सापडलेलं बरं.

सुरुवात झाल्यावर

कॅलेंडरवर रोज एक टिंब. एखादा दिवस हुकला तर टिंब नाही, एवढंच. लॅली यांच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा अडथळा आला नाही. माझा स्वतःचा नियम आहे की सलग दुसरा दिवस हुकू द्यायचा नाही. त्या दिवशी छोटी आवृत्ती तरी करायचीच. आठवडाभर हुकलं तर स्वतःला बोल लावण्याआधी वही काढा आणि बघा की कुठली सोय मोडली. काम उचलणारं माणूस गावाला गेलं का? पुन्हा फरसाण घरात आलं का? तेवढीच गोष्ट दुरुस्त करा.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, एकाच काट्यावर. कंबर महिन्यातून एकदा. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणून त्याआधी पुन्हा तपासून उपयोग नाही. काटा हलला नाही म्हणून हातपाय गाळू नका. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली चेन्नईत झालेल्या भारतीय अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांना साधारण तीन वर्षं पाहिलं गेलं. नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, आहार-व्यायाम बदललेल्या गटात ३९ टक्क्यांना. आणि हा फरक वजन फारसं न उतरताही पडला. हे निष्कर्ष २००६ मध्ये आले. तुमचा काटा थांबलेला असतानाही शरीराच्या आत काम चालू असतं.

चार महिने झाले की चातुर्मासातल्या नेमाचं उद्यापन होतं आणि दुसऱ्या दिवशी कांदाभजी तळली जातात. तुमच्या नेमाचं तसं होऊ द्यायचं नसेल तर शेवटच्या आठवड्यात एक प्रश्न विचारा: हे करायचं असं आता मुद्दाम आठवावं लागतं का? आठवावं लागत असेल तर आणखी दोन महिने तोच नेम. आपोआप घडत असेल तर तो तसाच चालू ठेवून वही पुन्हा उघडा, वाण्याची बिलं पुन्हा काढा आणि दुसरा नेम निवडा. त्याच्यासाठीही सराव लागेल, पण या वेळी चार आठवडे लागणार नाहीत; घराची मांडामांड झालेली आहे, दूध कोण तापवतं हे ठरलेलं आहे, डॉक्टरांना तुमचा बेत ठाऊक आहे. एक आठवडा पुरेल.